फेसाविना

माझ्या न्हाणीघरातली शाम्पूची बाटली आता क्वचितच उघडली जाते. केस धुते ते कंडिशनरनं. हे सांगितलं की समोरची बाई हमखास विचारते, "अगं, पण मग मळ निघतो का?" प्रश्न रास्त आहे. स्वच्छता आणि फेस यांची सांगड आपल्या मनात इतकी घट्ट बसलीय, की फेस न होता धुतलेलं काही आपल्याला धुतलेलं वाटतच नाही. पण माझे केस कुरळे आहेत, मानेपाशी तर अगदी बारीक वेटोळ्यांचे. त्यांना काय मानवतं हे समजायला मला चाळिशी गाठावी लागली.

मिरजेच्या घरी रविवार हा न्हाण्याचा दिवस. शनिवारी रात्री आजी कोमट खोबरेल घेऊन बसायची. तेल मुरलेल्या केसांतून बोटांनीच एकेक बट सोडवायची, आधी टोकं, मग मधला भाग, शेवटी मुळं. फणी तिनं माझ्या केसांना कधी लावली नाही. सकाळी शिकेकाई, रिठा, आवळकाठी आणि नागरमोथा उकळून त्याचा काढा ती फडक्यातून गाळून घ्यायची. गाळायचं कारण होतं. नुसती पूड लावली तर तिचे कण कुरळ्या केसांत अडकून बसत आणि दुसऱ्या दिवशी गणवेशावर झडत. आमच्या विहिरीचं पाणी जड, डाळ लवकर न शिजणारं. म्हणून शेवटचा तांब्या लिंबू पिळलेल्या पाण्याचा. शिकेकाईतल्या सॅपोनिनांमुळे थोडासाच फेस होतो, आणि तिचा काढा साबणासारखा अल्कधर्मी नसतो. आजीला यातलं रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण माझे केस ठाऊक होते.

आईची गोष्ट वेगळी. तिला नोकरीवर जायचं असायचं, माझी शाळा सातला भरायची. कोरड्या केसांत कंगवा घालून, पाण्याचा हात फिरवून ती दोन घट्ट वेण्या घालायची. केस तुटायचे, माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. तिचे स्वतःचे केस सरळ आणि लांबसडक. कुरळेपणा माझ्याकडे आला तो बाबांच्या घराण्यातून, आणि तो कसा हाताळायचा हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. वेणी सुटली की शाळेत "झिंज्या आवर" असं ऐकावं लागे. लग्नकार्यात एखादी आत्या माझ्याकडे बघून आईला विचारायची, "हिला तेलपाणी करत नाहीस का गं?" मुलीचे केस कसे वाढतात यावरून तिची शिस्त आणि तिच्या आईचं लक्ष जोखलं जायचं. मला अजूनही याचा राग येतो.

आजी थकली आणि काढ्याचं पातेलं माळ्यावर गेलं. तोवर शाम्पूच्या पुड्या किराणा दुकानांत माळांसारख्या लटकू लागल्या होत्या. तमिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शाम्पू छोट्या पुडीत भरून विकण्याची वाट दाखवली. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी 1983 मध्ये 'चिक' शाम्पू आणला आणि तो खेड्यापाड्यांत पोचवला. ज्या घरात बाटली परवडत नव्हती तिथं पुडी आली, ही मोठी गोष्ट होती. पुडी फोडली की डोकंभर फेस. धुतल्यावर केस बोटांखाली करकरत, आणि ही करकर म्हणजेच स्वच्छता असं आम्ही सगळ्याच धरून चाललो.

ती करकर असते तेल पार निघून गेल्याची. बहुतेक शाम्पूंमध्ये सोडियम लॉरेथ सल्फेटसारखी द्रव्यं असतात. मळ आणि तेल यांना ती सारख्याच जोमानं उचलतात. सरळ केसाला त्याचं फारसं वाटत नाही, कारण टाळूतून पाझरणारं तेल त्याच्यावरून सहज खाली उतरतं. कुरळ्या केसाचा छेद लंबगोल, वाट वळणावळणाची. तेल मुळांशीच अडतं आणि टोकं कायम कोरडी राहतात. केसावरचे खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. कोरड्या केसात ते उचकटतात, शेजारच्या केसात अडकतात आणि गुंता होतो. म्हणजे मुळात ज्या केसाला तेल कमी मिळतं, त्याचंच तेल आपण आठवड्याला खरवडून काढत होतो.

कंडिशनरचं काम उलट्या बाजूनं चालतं. केसाच्या पृष्ठभागावर, विशेषतः झिजलेल्या जागी, ऋणभार असतो. कंडिशनरमधल्या बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड या द्रव्यांवर धनभार असतो. ती केसाला धरून राहतात आणि खवले बसवतात. (पहिल्याच्या नावात 'सल्फेट' दिसलं म्हणून घाबरू नये, ते शाम्पूतल्या सल्फेटांच्या जातीचं नाही.) हीच द्रव्यं थोडाफार मळही सोडवतात. बाकीचं काम बोटांचं. ओल्या डोक्यावर ओंजळभर कंडिशनर घ्यायचा, बोटांच्या पेरांनी टाळू सावकाश चोळायची, मग लांबीवर उतरून निसरड्या झालेल्या केसांतला गुंता टोकांकडून सोडवत वर जायचं आणि भरपूर पाण्यानं धुवायचं. पहिल्यांदा असं न्हाले तेव्हा बोटं केसांतून सरळ खाली आली. शनिवार रात्रीच्या आजीच्या हातांनंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

ही रीत आपल्याकडची नाही. ती रुजवली आणि वाढवली त्यात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. केस सरळ केले नाहीत तर नोकरी नाही, मान नाही, अशा समाजात त्यांच्या कित्येक पिढ्या टाळू भाजणारी रसायनं लावत आल्या. 1960 च्या दशकात काळेपणाच्या अभिमानाबरोबर मोकळे, गोल वाढवलेले केसही आले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या अँजेला डेव्हिस यांचे तसे केस पुढे त्या चळवळीची ओळखच बनले. न्यूयॉर्कमध्ये सलून चालवणाऱ्या लोरेन मॅसी यांचं 'कर्ली गर्ल' हे पुस्तक 2001 मध्ये आलं आणि शाम्पू सोडण्याची ही पद्धत सर्वदूर गेली. पण केसांसाठी कायदा करून घ्यावा लागला तो कृष्णवर्णीयांनाच. 2019 मध्ये कॅलिफोर्नियानं शाळेत आणि कामाच्या जागी नैसर्गिक केसांवरून भेदभाव करायला बंदी घातली. माझ्या घट्ट वेण्यांचं दुःख त्यांच्या दुःखाशेजारी ठेवण्याएवढं नाही. पण ज्या पद्धतीनं माझं डोकं दुखायचं थांबलं, ती कुणाच्या सोसण्यातून आली हे विसरायचं नाही, एवढं मी ठरवलंय.

गुंत्याचा विषय आमच्या भागात वेगळ्याच ठिकाणी पोचतो. सांगली-कोल्हापूरकडे केसांत जट झाली की ती यल्लमा देवीची खूण मानतात. तिला कात्री लावायची नाही, फणी लावायची नाही, आणि मुलगी देवीला सोडायची. 'जोगवा' या 2009 च्या चित्रपटातल्या सुलीची फरफट अशाच एका जटेपासून सुरू होते. आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या मावशींच्या डोक्यावर तसा जड भारा होता. मान एका बाजूला कललेली, आत उवा, आणि तरीही लोक पाया पडायचे. न सोडवलेला गुंता, मळ आणि घट्ट पिळलेले केस यांतून जट होते. कुरळ्या केसांत ती लवकर धरते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्याच्या नंदिनी जाधव अशा बायकांच्या घरी जातात, घरच्यांची भीती घालवतात आणि जट कापतात. केसांची निगा म्हणजे नट्टापट्टा असं म्हणणाऱ्यांनी हे काम एकदा पाहावं.

कंडिशनरचं न्हाणं सगळ्यांसाठी नाही, हेही सांगायला हवं. पातळ, सरळ केस त्यानं चपटे आणि तेलकट होतात. कोंडा असेल तर डॉक्टरांनी दिलेला औषधी शाम्पूच लागतो, कारण कोंड्यामागची बुरशी तेलावर जगते. डायमेथिकोनसारखी सिलिकॉनं असलेला कंडिशनर निवडला तर त्यांचा थर नुसत्या पाण्यानं उतरत नाही, साचत जातो. जड पाण्याच्या गावातही अधूनमधून सौम्य शाम्पू लावावाच लागतो. आणि डोकंभर तेल थापलं असेल तर कंडिशनरला ते झेपत नाही. तेल मात्र सोडू नये. आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवून दिलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना, विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. त्यांनी तपासलेल्या सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलानं हे साधलं नाही. मी अजूनही आदल्या रात्री लावते, फक्त चमचाभर, तेही टोकांना.

तुमच्या घरात कुरळ्या केसांची मुलगी असेल तर तिच्या कोरड्या केसांत कंगवा घालू नका. केस ओले करा, कंडिशनर लावा, नसेल तर तेल लावा, आणि टोकांपासून बोटांनी सोडवा. वेळ लागेल. तेवढा वेळ तिच्या केसांना झिंज्या म्हणू नका, आणि दुसऱ्या कुणाला म्हणूही देऊ नका.