चेंडू चालतो, पेला चालत नाही

क्रिकेटचा नाद आम्हां हैदराबादकरांना फार जुना. सिकंदराबादच्या जिमखान्यावर १९३० च्या सुमारास मोईनुद्दौला सुवर्णचषकाचे सामने सुरू झाले. त्यांच्या आठवणी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो. कर्नल सी. के. नायडूंच्या उत्तुंग टोल्यांचे वर्णन त्या बैठकींत हमखास निघे. परंतु नायडूंच्याही आधी ज्याने हिंदी क्रिकेटला यश मिळवून दिले, त्या बाळू पालवणकरांचे नाव क्वचितच निघे. पोटासाठी मैदानावर राबणाऱ्या या गोलंदाजाविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

घराणे मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील पलटणीत नोकरीस. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडास झाला. पुण्यास आल्यावर ते प्रथम एका पारशी क्लबात व पुढे साहेबांच्या पूना क्लबात नोकरीस राहिले. महिना वेतन चार रुपये. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळी उभारावी आणि साहेबांच्या सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्यांचे काम. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज त्यांच्याच गोलंदाजीवर तासन् तास सराव करी. आपल्याला बाद केल्यास दर खेपेस आठ आणे बक्षीस तो देई, असे सांगतात. या मजुरीतूनच त्यांची डावखुरी फिरकी घडली. फलंदाजी मात्र त्यांच्या वाट्यास आली नाही. बॅट धरणे हा साहेबांचा मान होता.

साहेबांना हरवावयाचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्याच्या हिंदू क्लबास कळून चुकले. बाळूंना संघात घेतले गेले; मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांनी हाताळला. पण चहाची वेळ होताच तेच बाळू मंडपाबाहेर उभे असत, आणि त्यांना चहा मिळे तो वापरून फेकून द्यावयाच्या मातीच्या बोळक्यात. जेवणाचे पानही वेगळे. चेंडूला विटाळ नव्हता, पेल्याला होता!

१९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही त्या संघात होते. हिंदू जिमखान्याने तोपर्यंत आपला पंक्तिभेद पुष्कळसा सोडला होता, याची नोंद तेव्हाच्या सुधारकांनी अभिमानाने घेतली. योगायोग असा की, त्याच १९०६ साली आमच्या हैदराबादेत भाग्यरेड्डी वर्मा यांनी जगन्मित्र मंडळीची स्थापना करून हरिकथेच्या द्वारे अस्पृश्य वस्त्यांत जागृती आरंभिली. मुंबईत जे चेंडूने साधले, ते येथे कथेने साधू पाहिले गेले.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल हिंदी संघ विलायतेस गेला. संघ हरत राहिला, पण पस्तिशीच्या बाळूंनी एकंदर ११४ बळी घेतले. त्या वेळी खुद्द विलायतेतही पैसे घेऊन खेळणाऱ्यास हौशी खेळाडूच्या पंक्तीस स्थान नव्हते. दोघांचे कपडे बदलण्याचे कक्ष वेगळे, पुष्कळ ठिकाणी मैदानात उतरण्याची दारेही वेगळी. थोर जॅक हॉब्ज हा केंब्रिजच्या एका मैदानरक्षकाचा मुलगा. १९२६ साली कर्णधार आजारी पडला, तेव्हाच इंग्लंडचे नेतृत्व त्याच्या वाट्यास आले. तो भेद तेथे १९६२ साली कायमचा मिटला. पण हॉब्जचा भेद वेतनाचा होता, बाळूंचा जन्माचा. वेतन सोडता येते. जन्म कसा सोडावा?

हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना रीतसर कधीच लाभले नाही. १९२० साली त्यांना संघातून वगळले, आणि कर्णधार पै आजारी असता पालवणकर बंधूंपैकी कोणाचाच विचार झाला नाही. तेव्हा शिवराम व विठ्ठल स्वाभिमानाने बाहेर पडले. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढच्या सामन्यास बंधू परतले. बाळू उपकर्णधार झाले, आणि पै काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, बाळूंनी नेतृत्व करावे म्हणून. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले व हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याला नाकारलेले धाकट्याच्या हाती आले. १९५५ साली बाळू निवर्तले.

देवळाच्या आवारात वाढलेल्या आम्हां मंडळींनी या चरित्रातून काय घ्यावे? अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० सालीच नष्ट केली. दारे कायद्याने उघडली आहेत. परंतु बाळूंना दुःख झाले ते दाराचे नव्हे. दार उघडेच होते, नव्हे, विजयासाठी त्यांना आग्रहाने आत बोलाविले होते. अडले ते पंक्तीला. उत्सवात पहाटे प्रांगण झाडणारा, पालखीपुढे वाद्य वाजविणारा, भाविकांच्या पादत्राणांची राखण करणारा — यांच्या श्रमांवर आपला उत्सव उभा राहतो. महाप्रसादाच्या वेळी त्यांचे पान कोठे मांडले जाते, आपल्या शेजारी की मागच्या अंगणात? येत्या उत्सवात प्रत्येक देवस्थानाने एवढे एकच पाहावे. बाळूंचे स्मारक उभारावयास याहून निराळ्या दगडाची गरज नाही.