भुशातली वाफ, राखेतली बॅटरी

आधी शेवटची गोष्ट सांगून टाकतो, कारण ती माझ्या पोटात राहत नाही. राइस मिलच्या मागे पडलेली ती काळी-करडी राख, जिच्यावरून चालताना आपण पँट वर ओढून धरतो, जी वाऱ्यानं उडून शेजारच्या दोरीवरचे कपडे खराब करते, तिच्यात उद्याच्या बॅटरीचं सिलिकॉन आहे! आणि राख होण्याआधी त्याच भुशानं पाणी उकळलेलं असतं, वाफ केलेली असते, धान उकडलेलं असतं. वीज कशी करायची, ऊर्जा कशी साठवायची, उष्णता इकडून तिकडे कशी न्यायची, या तिन्ही शोधांची शाळा एका आवारात भरते, आणि ते आवार मला सापडलं अर्जुनी मोरगावात. हे मला आजवर कुणी सांगितलं कसं नाही?

अर्जुनी मोरगाव हा गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा रेल्वेमार्ग इथूनच जातो. तालुक्यात नवेगावबांधचा तलाव आणि जंगल, गाढवी नदीवरचं इटियाडोह धरण, आणि बाकी नजर जाईल तिथवर धानाच्या बांध्या. कापणी-मळणी झाली, खरेदी केंद्रावर मोजमाप झालं, की धान भरडाईला मिलमध्ये येतं. अशाच एका उसना तांदळाच्या मिलमध्ये मी एका ओळखीच्या माणसाबरोबर शिरलो. त्याचं काम पाच मिनिटांचं होतं. माझं मात्र तिथून पाऊल निघेना, कारण मला बॉयलर दिसला होता.

बॉयलरवर काम करणाऱ्या भाऊंना मी शहरी प्रश्न विचारला, "कोळसा कुठून आणता?"

ते हसले. "कोळसा कायले पाहिजे जी? धान आपलं जळण आपल्याच अंगावर घेऊन येते."

शंभर किलो धानामागे २० किलोच्या आसपास भुसा निघतो. एक किलो भुसा जळला की साधारण ३,००० किलोकॅलरी उष्णता मिळते, म्हणजे आपल्याकडच्या हलक्या प्रतीच्या कोळशाच्या जवळपास! वर गंधक जवळजवळ नाहीच. राखही १५ ते २० टक्केच, तर आपल्या औष्णिक केंद्रांत जाळल्या जाणाऱ्या कोळशात ती बहुधा ३० टक्क्यांच्या वर असते. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता. भुशातला कार्बन धानानं याच हंगामात, याच हवेतून घेतलेला. जळाला तर तो आला तिथेच परत जातो. मी मूठभर भुसा उचलून हुंगला, कुस्करला, आणि भाऊ माझ्याकडे बघत राहिले.

आता वाफ. ती मला शाळेत शिकवली होती आणि तरी कळली नव्हती, असं आता म्हणावं लागतं. तीस अंशांचं एक किलो पाणी शंभर अंशांपर्यंत तापवायला ७० किलोकॅलरी लागतात. तेच उकळतं पाणी वाफेत बदलायला लागतात तब्बल ५४०! पहिल्या ७० मध्ये थर्मामीटर भराभर चढतो आणि पुढच्या ५४० मध्ये ढिम्म हलत नाही. मग ती सगळी उष्णता जाते कुठे? वाफेच्या पोटात लपते. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानं ही लपलेली उष्णता ओळखली. उसना तांदळाचा सगळा खेळ याच लपवाछपवीवर चालतो. धान आधी टाकीत भिजवतात, मग त्यात वाफ सोडतात. दाण्याला भिडताच वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते ५४० दाण्याच्या स्वाधीन होतात. स्टार्च आतल्या आत शिजून घट्ट बसतो, दाण्यातल्या भेगा बुजतात, कोंड्यातलं बी-१ जीवनसत्त्व आत मुरतं, आणि नंतर भरडताना कणी कमी पडते. बॉयलर इथे, टाकी तिथे, मधे एक नळ. उष्णता एका जागेहून दुसरीकडे न्यायला याहून सुटसुटीत वाहन माणसाला क्वचितच सापडलं असेल.

मी नळाच्या सांध्यातून निघणाऱ्या पांढऱ्या धूसर झोतापासून लांब सरकलो. भाऊ म्हणाले, "जे दिसते तिले भिऊ नका जी. जे दिसत नाही, तिले भ्या." खरंच की! पांढरं दिसतं ते थंड होऊन झालेले पाण्याचे थेंब. खरी वाफ पारदर्शक असते, आणि जास्त दाबाची वाफ निसटली तर ती दिसण्याआधी भाजते. पाठ्यपुस्तकाचं आख्खं पान त्यांनी एका वाक्यात आटोपलं.

भुसा जाळणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. तो हलका, फुसफुशीत. एक टन भुसा ठेवायला दहाएक घनमीटर जागा लागते. भट्टीत टाकला की अर्धा जळतो, अर्धा हवेबरोबर उडून धुराड्याची वाट धरतो. यावर काढलेला तोडगा ऐका. भट्टीच्या तळाशी वाळूचा थर घालायचा आणि खालून जोरानं हवा सोडायची. वाळू चुलीवरच्या आंबिलीसारखी रटरटायला लागते! सातशे-आठशे अंशांच्या त्या वाळूत भुसा पडला की चहूकडून तापलेल्या कणांच्या कचाट्यात सापडतो आणि पुरता जळतो. कण सतत हलते असल्यामुळे उष्णता सगळीकडे सारखी पसरते, आणि आच फार चढत नसल्यामुळे नायट्रोजनची घातक ऑक्साइडंही कमी तयार होतात. जर्मनीत फ्रिट्झ विंकलर यांनी १९२०च्या दशकात कोळशापासून वायू करण्यासाठी ही उकळती वाळू वापरात आणली. आज पुण्याची थरमॅक्ससारखी कंपनी याच तत्त्वावर भुसा खाणारे बॉयलर बनवते.

आणि वाळूवरून आठवलं! वाळू उष्णता नुसती वाटतच नाही, ती धरूनही ठेवते. फिनलंडमधल्या कानकानपा या गावात २०२२ साली शंभर टन वाळूनं भरलेली एक पोलादी टाकी उभी राहिली. वारा आणि सूर्य यांची जास्तीची वीज आली की तिनं वाळू पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवायची, आणि गरज पडेल तेव्हा तीच उष्णता गावातली घरं गरम करायला सोडायची. क्षमता ८ मेगावॉट-तास, म्हणजे आठ हजार युनिट, आणि तीसुद्धा साध्या वाळूत! फिनलंडला उष्णता हवी घरासाठी, आपल्याला हवी ओलं धान सुकवायला. दिवसा छतावरच्या सौर पॅनलनं वाळू तापवली आणि रात्री तिच्या गरम हवेवर धान वाळवलं, तर? प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, म्हणून मी भाऊंना विचारला. ते म्हणाले, "वाळूची तर कमी नाही जी आमच्याकडे."

इथवर गोष्ट उष्णतेची झाली. विजेचं काय? भुशाला पोटभर हवा न देता अर्धवट जाळलं, तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन असलेला जळाऊ वायू निघतो. तो धुऊन-गाळून इंजिनात सोडला की इंजिन चालतं, जनरेटर फिरतो. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा आपल्याकडे लोणारी कोळशाच्या अशाच वायूवर बस धावत होत्या. बिहारमध्ये पश्चिम चंपारण जिल्ह्यातल्या तमकुहा गावात २००७ साली ज्ञानेश पांडे, रत्नेश यादव आणि मनोज सिन्हा यांच्या हस्क पॉवर सिस्टिम्सनं धानाच्या भुशावर गावापुरतं वीजघर सुरू केलं. दीड-दोन किलो भुशाला साधारण एक युनिट. म्हणजे क्विंटलभर धानाच्या भुशात दहा-बारा युनिट वीज! मी बांध्यांकडे पाहिलं आणि मला धान दिसेचना, नुसते मीटर फिरताना दिसायला लागले.

याच गोंदिया जिल्ह्यात उत्तरेला तिरोडा आहे, अदानींचं ३,३०० मेगावॉटचं वीज केंद्र, ६६० मेगावॉटचे पाच संच. ते सुपरक्रिटिकल आहेत, आणि या शब्दामागे काय दडलंय ते मला परवापर्यंत माहीत नव्हतं. हवेच्या दाबाच्या सुमारे २१८ पट दाब आणि ३७४ अंश तापमान गाठलं की पाणी आणि वाफ यांतला भेदच मिटतो! पाणी उकळतच नाही, ते ५४० चं लपलेलं देणं शून्यावर येतं, आणि त्यापलीकडच्या दाबा-तापमानावर चालवलेलं केंद्र तेवढ्याच कोळशात जास्त वीज देतं. कोळसा तो कोळसाच, स्वच्छ म्हणायची मी घाई करणार नाही. पण केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणात औष्णिक केंद्रांनी कोळशात ५ टक्के शेतीतल्या काडीकचऱ्याच्या कांड्या मिसळाव्यात असं आलं, आणि भुसा दाबून कांडी करता येते. धान इथं, केंद्र तिथं, एकाच जिल्ह्यात.

आता राख, जिच्यासाठी एवढा धीर धरला. धान कापताना पात्यानं हात चिरतात, हे कापणी केलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. चिरणारी ती धार सिलिकाची. धानाचं रोप मातीतल्या पाण्याबरोबर विरघळलेलं सिलिका शोषतं आणि पात्यांत आणि तुसांत, म्हणजे आपल्या भुशात, साठवतं. किडीनं कुरतडू नये म्हणून हे चिलखत. तूस जळलं तरी चिलखत उरतं. राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिकाच असतं!

आणि इथं आगीचं तापमान सगळं ठरवतं. सातशे अंशांच्या आसपास आच आटोक्यात ठेवली तर हे सिलिका अस्फटिक राहतं, म्हणजे रासायनिक कामाला चटकन तयार. आच फार चढली की त्याचे स्फटिक होतात, ते कामाला आळशी आणि फुप्फुसांना घातक. अस्फटिक राख सिमेंटमधल्या चुन्याशी संयोग पावते आणि काँक्रीट मजबूत करते. बर्कले विद्यापीठातले पी. के. मेहता यांनी १९७०च्या दशकातच यावर काम केलं. गुडइयरनं २०१४ साली भुशाच्या राखेचं सिलिका टायरमध्ये वापरायचं जाहीर केलं. आणि २०१३ साली स्टॅनफर्डमधल्या यी त्सुई यांच्या चमूनं, तसंच त्याच वर्षी कोरियातल्या संशोधकांनी, तुसातल्या सिलिकावर मॅग्नेशियमची प्रक्रिया करून त्याचं सिलिकॉन केलं आणि ते लिथियम बॅटरीत घातलं!

सिलिकॉनच का? वजनाला वजन धरलं तर ते बॅटरीतल्या नेहमीच्या ग्राफाइटच्या जवळपास दहापट लिथियम सामावून घेऊ शकतं. खोट एकच: चार्ज होताना ते तिपटीहून जास्त फुगतं आणि तडकून त्याचा भुगा होतो. पण तुसातलं सिलिका मुळातच अतिसूक्ष्म कणांचं आणि सच्छिद्र असतं. ती ठेवण सिलिकॉनमध्येही उतरली की फुगायला आत जागा मिळते. प्रयोगशाळेनं महागड्या पद्धतींनी घडवायची ती रचना धान दर हंगामात आपसूक बांधतं, आणि आपण ती खड्ड्यात भरतो!

उत्साहात एक गोष्ट झाकायची नाही. प्रयोगशाळेतल्या नाण्याएवढ्या बॅटरीपासून कारखान्यापर्यंतची वाट लांब आहे. भुशाला आता भाव आहे, तो कुणी फुकट देणार नाही. आणि भट्टी बेताची नसेल तर उडणारी राख आधी बॉयलरवरच्या माणसाच्या छातीत जाते. पण या प्रत्येक अडचणीचं पहिलं उत्तर एकच येतं: आग मोजून-मापून पेटवा. आच नेमकी असली की वाफ जास्त, धूर कमी आणि राखही किमतीची. एकाच आगीत तिन्ही फायदे!

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती अर्जुनीच्याच नव्हे, अख्ख्या झाडीपट्टीतल्या गुरुजी-बाईंना आहे. नवेगावबांधला सहल नेताच ना? जाता-येता एखाद्या राइस मिलच्या मालकाला विचारून बस आत वळवा. नववीच्या पोरापोरींना चिमूटभर राख हातावर घेऊ द्या, बॉयलरची काच लांबून बघू द्या, आणि ५४० चा आकडा त्या नळाशेजारी उभं राहून शिकवा. त्या दिवशीचा विज्ञानाचा तास बॉयलरवाल्या भाऊंना द्या. ते फळा मागणार नाहीत.