जैसलमेरचे चार दिवस आणि एक उंट

जैसलमेरला मुक्काम ठेवून आसपासची स्थळे पाहावयाची असतील, तर प्रथम तेथील सूर्य समजून घ्यावा लागतो. देशाच्या पार पश्चिमेकडचे हे गाव. डिसेंबरअखेर तेथे सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो आणि सूर्यास्त सहाच्या आसपास. नवकारसी पाळणाऱ्याच्या मुखात पाण्याचा पहिला घोट जाईपर्यंत सव्वाआठ उलटून जातात, आणि गाडीवाला आठलाच दारात उभा असतो. संध्याकाळचे त्याहून अवघड. वाळूच्या टेकडीवरून सूर्यास्त पाहणे हा तेथील सहलीचा कळस, आणि भोजन त्यानंतर, शेकोटीभोवती, नाचगाण्यासह. चौविहार करणाऱ्याने त्या वेळी काय करावे, याचा विचार सहलीच्या पत्रकात नसतो.

सोलापूरहून नाताळच्या सुटीत आलेल्या एका कुटुंबात आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात अशी पाच माणसे होती. भोजनाचा प्रश्न आजींनी घरूनच सोडवून आणला होता: दशम्या आणि लसूण न घातलेली शेंगाची चटणी. दुसरा प्रश्न मात्र डब्यात मावणारा नव्हता. नातीने निघण्यापूर्वीच उंटावर बसण्याचे वचन वडिलांकडून घेतले होते, आणि आजोबांना ते मुळीच मान्य नव्हते. हौसेसाठी मुक्या प्राण्याच्या पाठीवर बसायचे म्हणजे अतिभारारोपण, असे त्यांनी गाडी सोलापूर सोडण्याआधीच सांगून टाकले होते. सहलीचे पहिले दोन दिवस हा विषय कोणी काढला नाही. पण तो सर्वांच्या बरोबर होता.

पहिला दिवस किल्ल्याचा. रावळ जैसलांनी 1156 मध्ये वसविलेल्या या पिवळ्या दगडाच्या किल्ल्यात आजही लोक नांदतात. आतल्या जिनमंदिरांपैकी संभवनाथांच्या मंदिराखाली जिनभद्रसूरींचा ज्ञानभांडार आहे. 1874 मध्ये ब्यूलर आणि तरुण याकोबी हे जर्मन पंडित येथील ताडपत्रे पाहण्यासाठी आले होते. याच याकोबींनी पुढे आचारांग आणि कल्पसूत्र इंग्रजीत नेले. किल्ल्याखालच्या गावात पटव्यांच्या पाच हवेल्या आहेत. दगडाची इतकी नाजूक जाळी पाहून सूनबाईंनी सहज विचारले, एवढा पैसा या वाळूत आला कुठून? उत्तर सोपे होते. सिंधकडे जाणाऱ्या व्यापारातून, आणि तो व्यापार चाले उंटांच्या तांड्यांवर. मुंबई बंदर आणि रेल्वे वाढली, तसे तांडे थांबले. या हवेल्या उंटांच्या पाठीवर उभ्या राहिल्या, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसऱ्या दिवशी लोद्रवा. भाटी राजांची ही जुनी राजधानी जैसलमेरपासून सुमारे 15 किलोमीटरवर आहे. राजधानी गेली, वस्ती विरळ झाली. पार्श्वनाथांचे मंदिर मात्र सतराव्या शतकात थाहरू शाह या श्रेष्ठींनी पुन्हा उभे केले. दारातील कोरीव तोरणापाशी आजी बराच वेळ थांबल्या. परतताना अमरसागर लागते. तेथील तलाव त्या वेळी कोरडा होता, आणि काठावरचे आदिनाथांचे मंदिर जणू रिकाम्या वाटीच्या कडेला ठेवल्यासारखे दिसत होते. नातीला वाटले, तलाव मेला. पण तळात दगडी बांधणीच्या छोट्या विहिरी आहेत. त्यांना बेऱ्या म्हणतात. तलाव आटला तरी वाळूत मुरलेले पाणी या बेऱ्यांत उतरते आणि पुढचे महिने पुरविले जाते. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटरपर्यंत पाऊस पडणाऱ्या मुलखाने पाणी साठविण्याची ही युक्ती काढली. पाणी गाळून आणि मोजून वापरणाऱ्या घरातील माणसाला ती न सांगताही कळते.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाडमेर रस्त्यावरचे आकल पाहून झाले. सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीचे वृक्ष येथे दगड होऊन पडले आहेत. मुलांना ते फारसे रुचत नाही आणि ऊन चढण्याआधी तासाभरात आटोपते. खरी परीक्षा संध्याकाळी होती.

सम हे गाव जैसलमेरच्या पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटरवर. साडेचारला गाडी थांबली, आणि रंगीत झुली घातलेले उंट दोन्ही बाजूंनी पुढे आले. एका उंटावर तीन-तीन प्रवासी बसविले जात होते. एका लठ्ठ गृहस्थांसाठी उंट उठताना कण्हला, तेव्हा आजोबांनी चटकन मान वळवली. "बसायचे नाही," ते म्हणाले. नात रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते.

जवळचा वयस्क उंटवाला हे पाहत होता. आजोबांनी खिशातून पैसे काढून त्याच्यापुढे धरले: सवारी नको, याला चारा घाला. उंटवाल्याने हात मागे घेतला. "माजीसा, मी मागायला उभा नाही," तो आजोबांशी न बोलता आजींशीच बोलला. "हा बसवून ठेवला तर काय खाईल? गावात ट्रॅक्टर आले. पूर्वी तरणे नर जत्रेत विकले जात, आता घेणारा नाही."

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. राजस्थानने 2014 मध्ये उंटाला राज्यप्राणी केले आणि 2015 मध्ये त्याच्या कत्तलीवर व राज्याबाहेर नेण्यावर बंधने घालणारा कायदा केला. हेतू करुणेचाच होता. तरीही 2012 च्या पशुगणनेत राज्यात 3 लाख 26 हजारांच्या आसपास असलेले उंट 2019 मध्ये 2 लाख 13 हजारांवर आले. चराऊ राने आक्रसत गेली आणि ओझ्याची कामे यंत्रांनी घेतली, ही कारणे आहेतच. पण विक्रीचा मार्ग बंद झाल्यावर उंट पाळावा कशासाठी, हा पशुपालकांचा प्रश्नही खोटा नाही.

आजींनी उंटाभोवती एक फेरी मारली. त्याचे गुडघे पाहिले, खोगिराखालची पाठ पाहिली, नाकातील वेसणीपाशी जखम आहे का तेही पाहिले. मग म्हणाल्या, "अहो, अहिंसेच्या पाच अतिचारांत अतिभार येतो, तसा अन्नपाननिरोधही येतोच ना?"

"तो त्याच्या मालकाला लागू," आजोबा म्हणाले.

"मालकाचे पोट आपल्यासारख्यांवर आहे."

आजोबा बोलले नाहीत. आजींनी भाडे ठरविले: पूर्ण उंटाचे, पण बसेल एकटी नात, पळवायचा नाही, आणि टेकडीपर्यंतच. स्वतः त्या दोरी धरलेल्या उंटवाल्याच्या बाजूने वाळूतून चालत गेल्या. आजोबा मागेच राहिले. मुलगा आणि सून कोणाबरोबर जावे या विचारात मध्येच थांबले.

सव्वापाचला टेकडीवर डबे उघडले. दशमीचा एक तुकडा उंटाला द्यावा असे नातीच्या मनात आले, पण त्याला तिची ओढ नव्हती. त्याने बाजूच्या झुडपाची पाने ओरबाडली. सूर्य टेकण्यापूर्वी आजींनी पाणी पिऊन प्रत्याख्यान घेतले. मग तंबूंकडून ढोलक ऐकू येईपर्यंत सर्वजण गप्प बसून होते. आजोबाही एव्हाना वर आले होते. ते नातीशेजारी बसले, उंटाकडे मात्र त्यांनी पाहिले नाही.

चौथ्या दिवशी जोधपूरकडे जाणारी गाडी रामदेवरा स्थानकात शिरली, तेव्हा आजोबांनी आपण होऊन विषय काढला. याच भागात माळढोकाचे प्रजनन केंद्र आहे. राजस्थानात या पक्ष्याला गोडावण म्हणतात. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य झाले, तरी तेथून तो जवळजवळ नाहीसाच झाला. देशभरात दीडशेही उरले नसावेत, असा अंदाज आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही कडांना असल्याने समोरची वीजतार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि जड शरीर ऐनवेळी वळत नाही. या तारा मात्र ऊन-वाऱ्यापासून काढलेली, कोळसा न जाळणारी वीज वाहून नेतात.

"मग तारा काढून टाकायच्या का?" नातीने विचारले.

"काही जमिनीखालून न्यायच्या, काहींवर चकत्या लावायच्या, म्हणजे त्याला दिसतील," आजोबा म्हणाले. "तेवढ्याने भागेल की नाही, कोण जाणे."

"उंटासारखेच झाले," नात म्हणाली. आजोबांनी चष्मा पुसला आणि खिडकीची काच वर केली. पुढचे स्थानक येईपर्यंत दोघेही जाणाऱ्या तारांवर चकत्या शोधत राहिले.