जर्मनचं ताट

२०१८ साली दिवाळीच्या आधी सोयाबीनची मळणी चालली होती, तेव्हापासून मला खोकला लागला. मळणी यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस खोकणारच. नाकाला उपरणं बांधलं तरी भुसकट घशात जातं, संध्याकाळी थुंकी काळी येते. म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. त्या वर्षी मनावर घ्यायला दुसरं पुष्कळ होतं. पावसानं ऑगस्टातच पाठ फिरवली होती. चार एकरांत सोयाबीनची नऊ पोती झाली. ज्वारी पेरायला ओल नव्हती, तरी पेरली, कारण बार्शी भागातल्या माणसाला रान मोकळं ठेवून झोप लागत नाही. विहिरीच्या तळाला जे पाणी होतं त्यावर अर्धा एकर कांदा उभा होता. सगळी भिस्त त्याच्यावर.

गावात आठवड्यातून तीनदा एक डॉक्टर यायचा. त्यानं इंजेक्शन दिलं, लाल औषधाची बाटली दिली. आठ दिवस बरं वाटलं. परत गेलो, परत इंजेक्शन, परत बाटली. असं दीड महिना चाललं. प्रत्येक खेपेला दोनशे-अडीचशे जायचे. आईनं अडुळशाचा काढा केला, तोही झाला. दिवेलागणीला अंगात कणकण यायची, पहाटे बंडी घामानं भिजायची. गिरणीतल्या काट्यावर सहज उभा राहिलो तर ४७ किलो. मी कधी ५७-५८ च्या खाली नव्हतो. गिरणीवाला म्हणाला, काटा बिघडलाय. मीही तेच खरं धरलं.

आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कान शाबूत. ती सोप्यात झोपायची, मी आत. एक दिवस सकाळी चहा पिताना म्हणाली, “तुझा खोकला मला वळखीचा वाटतोय.”

मी तिच्यावर खेकसलो. “म्हातारपणी कायबी सुचतंय तुला,” असं बोललो. ती गप्प बसली.

आम्हाला शेतीची लाईट रात्री असायची. डिसेंबरात एका रात्री कांद्याला पाणी धरलं होतं. थंडी मरणाची. बारं मोडायला वाकलो आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेना. बॅटरीच्या उजेडात बघितलं तर थुंकीत रक्ताची तार. बांधावर बसून राहिलो. पाणी सारा फोडून शेजाऱ्याच्या रानात गेलं तरी उठलो नाही.

घरी सांगितलं नाही. पण आमच्या आळीतली आशाताई घरोघर माहिती घेत फिरत होती, ती दारात आली. नात्यानं पुतणी लागते. मी खोकत बाहेर आलो तशी तिनं वही मिटली.

“तात्या, किती दिवस झाले खोकताय?”

“झाले आठ-पंधरा दिवस.”

“खोटं बोलू नका. सोयाबीन काढायच्या आधीपासनं ऐकतीय मी. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की बेडका तपासावाच लागतो.”

दोन डब्या दिल्या तिनं. एकीत तिथंच थुंकायला लावलं, दुसरी पहाटेची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मशीनवर तपासणी झाली, छातीचा फोटो काढला. टीबी निघाला. साधा, औषधाला दाद देणारा, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सहा महिने गोळ्या, पैसा लागणार नाही. त्या आणखी पुष्कळ सांगत होत्या, पण माझं ध्यान नव्हतं. मला रानातली खोप दिसत होती.

माझ्या वडिलांना, दादांना, हाच आजार झाला होता. १९७१ साली. मी बारा वर्षांचा. त्या काळी आमच्याकडं या रोगाचं नाव कुणी घेत नसे, ‘खोकला लागलाय’ म्हणत आणि त्यात काय ते समजत. दादांचं अंथरूण रानात खोपीत गेलं. त्यांना एक जर्मनचं ताट आणि एक जर्मनचा पेला वेगळा काढून दिला. आजची पोरं जर्मन म्हटलं की देश समजतात; आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मन म्हणायचे. खोपीपासून वीस-पंचवीस पावलांवर एक सपाट दगड होता. मी त्या ताटात भाकरी-कालवण ओतायचं आणि मागं सरायचं. मग दादा उठून ताट घेऊन जायचे. आईची तशी सक्त ताकीद होती. आम्ही चार भावंडं, मी थोरला. तिनं आणखी काय करायचं होतं?

दादांना अक्षर येत नव्हतं, पण माझ्या शाळेचं फार कौतुक. “वाच की,” म्हणायचे. मी दगडाजवळ उभा राहून मोठमोठ्यानं धडा वाचायचा, ते खोपीच्या दारात बसून ऐकायचे. मध्ये बैलं रवंथ करीत असायची. मला आजही हळू वाचता येत नाही. घरात पेपर वाचायला घेतला तर बायको म्हणते, गल्लीला कशाला ऐकवताय.

त्या वेळी औषध दीड-दीड वर्ष घ्यावं लागे. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं आणि वर गोळ्या. दादा आठवड्यातून दोनदा चालत दवाखान्याला जायचे. सात-आठ महिन्यांत अंग धरलं, खोकला कमी झाला. त्याच सुमाराला एक दिवस भाकरी ठेवून मी मागं सरत होतो, तर ते म्हणाले, “आता ये की रं जवळ. कायबी होत न्हाई आता.”

त्या दिवशी आई तिथं नव्हती. अडवणारं कुणी नव्हतं. मी उभा राहिलो. त्यांनी हात पुढं केला होता. मी पुस्तक छातीशी धरलं आणि वाटेनं पळत सुटलो. मागं वळून बघितलं नाही.

पुढं ७२ चा दुष्काळ आला. पाझर तलावाचं काम निघालं, सगळं गाव खडी फोडायला आणि माती वाहायला. बैलं विकली. मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या, पोरांना सुकडी मिळायची. दादांना वाटलं आपण बरे झालो. घरात खाणारी तोंडं सहा, मिळवणारी आई एकटी. इंजेक्शनं सोडून ते कामावर गेले. वर्षभर तगले. १९७४ च्या उन्हाळ्यात त्याच खोपीत गेले. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये मी दहावीला बसलो. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एस.एस.सी. आली त्याची आमची पहिली बॅच. पास झालो आणि औताला लागलो. त्या ताटाचं आईनं काय केलं ते मी कधी विचारलं नाही.

तर दवाखान्यातून आलो तो हे सगळं डोक्यात घेऊन. बायकोला सांगितलं, “माझं ताट-तांब्या वेगळं काढ. मी गोठ्यात झोपतो.”

ती चुलीपुढं होती. म्हणाली, “गोठ्यात म्हशीला सर्दी हुईल तुमची.” आणि सगळ्यांच्यातलंच स्टीलचं ताट पुढं सरकवलं. “आशाताईनं मला समदं सांगितलंय. भांड्यानं पसरत न्हाई ते. तोंडाला रुमाल बांधा, इकडंतिकडं थुकू नका आणि खिडकी उघडी ठेवून झोपा. बास.”

मी चिडलो, ताट लोटलं. आमचं कडाक्याचं भांडण झालं. बायको नवऱ्याला म्हणते सगळ्यांत जेव आणि नवरा म्हणतो मला वेगळं काढ, असं उलटं भांडण. सून ऐकत होती. मुलगा चाकणला कंपनीत, ती आमच्याकडं, मांडीवर दीड वर्षाचं पोर. दुसऱ्या दिवशी ती पोराला घेऊन माहेरी गेली. जाताना पाया पडली ती उंबऱ्यातूनच. मला फार लागलं. चार दिवस मी तिला मनातल्या मनात नाही नाही ते बोललो. मग ध्यानात आलं, ही करतेय ते माझ्या आईनं केलं तेच. दोघींच्या पदरात लेकरं होती. आणि सुनेनं एक गोष्ट तर माझ्यापेक्षा चांगली केली. घरात टीबी निघाला की तेव्हा सहा वर्षांखालच्या पोरांना तपासून, रोग नसला तरी सहा महिने एक गोळी द्यायचे. तिनं ती पोराला एक दिवस न चुकवता चारली. मी माझ्या दोनदा चुकवल्या.

गोळ्या माझ्या वजनाला तीन, रोज सकाळी उपाशीपोटी. पहिल्या दिवशी लघवी शेंदरासारखी लाल झाली. सांगून ठेवलं होतं म्हणून, नाहीतर तिथंच प्राण गेला असता. मळमळायचं, चहासुद्धा नको वाटायचा. गोळ्यांच्या पाकिटाची मोठी गंमत होती. गोळी फोडली की मागं फोन नंबर दिसायचा, त्याच्यावर मिस कॉल द्यायचा, म्हणजे सरकारला कळायचं यानं गोळी खाल्ली. आमच्या शिवारात रेंज नाही. मी विहिरीच्या धावेवर चढून हात वर करून मिस कॉल द्यायचो. बघणाऱ्याला वाटत असेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

गावात मी सांगितलं नव्हतं, पण गावाला सांगावं लागत नाही. हॉटेलात माझ्या पुढ्यात कागदी कप यायला लागला, बाकीच्यांना काचेचा गलास. कुणी काही बोललं नाही. मीच जाणं सोडलं. एकादशीच्या भजनालाही जाईना झालो.

जानेवारीत कांदा सोलापूरला नेला. ४२ पिशव्या. त्या हंगामात कांद्याचं जे झालं ते ज्यांनी लावला होता त्यांना आठवत असेल. किलोला सरासरी अडीच रुपये पडले. मोटारभाडं, हमाली, तोलाई वजा जाता पट्टीवर २,७०० रुपये आले. रोपाचे, खताचे, खुरपणीचे, काढणीचे त्यात कुठंच बसत नव्हते. पट्टी चारदा वाचली. त्याच आठवड्यात बँकेत पुस्तक भरून आणलं तर टीबीच्या पेशंटला खुराकासाठी सरकार तेव्हा महिन्याला पाचशे द्यायचं, त्याचे दोन महिन्यांचे हजार जमा झालेले. बायकोला म्हणालो, “कांद्यानं घरातलं नेलं, खोकल्यानं निदान हजार दिले.” दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो. त्या पैशाची अंडी आणि शेंगदाणे आणले.

फेब्रुवारीत बेडका तपासला, जंतू नव्हते. वजन ५० वर गेलं. पाडव्याला सून पोराला घेऊन आली. पोरानं मला ओळखलंच नाही. दाढीला बघून रडलं.

ज्वारी कणसावर आलीच नाही, वाळून गेली. वैरण संपली तशी जनावरं चारा छावणीवर नेली, एक म्हैस आणि दोन गाई. छावणीवर रात्री माणूस लागतो. मला राहू देईना, म्हणून बायकोच राहायची. साठीला टेकलेली बाई उघड्या माळावर दावणीला उशी करून निजायची. मी दोन वेळची भाकरी पोचवायचो. लोक म्हणायचे, नवरा घरात आणि बायको छावणीवर. म्हणू दे.

एप्रिलमध्ये महिन्याच्या गोळ्या आणायला गेलो. गर्दी नव्हती. डॉक्टरीणबाईंना विचारलं, “बाई, औषध चालू असलेल्या माणसाजवळ जाऊन बसलं तर होतो का हो हा?”

त्यांना वाटलं नातवासाठी विचारतोय. म्हणाल्या, “आता बिनधास्त घ्या मांडीवर. औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांनी पसरायची भीती फार कमी होते. हे काही आजचं नाही. १९५० नंतर मद्रासमध्ये याचा अभ्यास झालाय. काही पेशंट दवाखान्यात ठेवले, काहींना घरीच औषध दिलं. घरी ठेवलेल्यांच्या माणसांना काही जास्त लागण झाली नाही.”

मी विचारलं, “१९५० नंतर? म्हणजे ७१ सालाच्या आधीच?”

“हो. का?”

“काही नाही,” म्हणालो. पिशवी घेतली. स्टँडवर येऊन बसलो आणि दोन एसट्या सोडल्या. इंजेक्शनं चालू होती. सात-आठ महिने झाले होते. ते बरोबर बोलत होते, काही होत नव्हतं. दगड ओलांडून वीस-पंचवीस पावलं.

घरी आलो तेव्हा तिन्हीसांज झाली होती. आई सोप्यात भिंतीला टेकून बसलेली. चपलांच्या आवाजावरून ओळखलं तिनं. मी शेजारी बसलो. तिनं चाचपत माझा दंड धरला, जसा बाजारात बैलाचा धरतात, मांस आलंय का बघायला.

“तुला कुठल्या ताटात वाढती रं ती?”

“सगळ्यांच्यातच.”

ती दंड सोडेना. बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, “मला कुणी सांगितलं न्हाई तवा. कुणीच न्हाई.”

माझ्या ओठावर सगळं आलं होतं. दोन आठवडे, मद्रास, सगळं.

“डाक्टर काय म्हणला?” तिनं विचारलं.

“काय न्हाई. गोळ्या चुकवू नका म्हणाल्या.”

“मग चुकवू नगं.” तिनं हात काढून घेतला. “आन् छावणीवर भाकरी कोण नेणार? ती उपाशी बसली असंल तिकडं.”

मी उठून फडकं शोधायला लागलो.