भरलं की बोल

हवेतल्या रेडिओलहरींवर सेन्सर चालवायचा म्हटलं की नवी पोरं खुलतात. चालतो, नाही असं नाही. सिएटलमध्ये २००९ साली टीव्हीच्या मनोऱ्यापासून ४.१ किलोमीटरवर ६० मायक्रोवॅट मिळवून दाखवले होते. पण तो मनोरा ९६० किलोवॅटचा! मला विचाराल तर मी वाहत्या तारेला सीटी, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, अडकवीन. तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे दर सेकंदाला ५० आवर्तनं करतं, तेवढ्यावर सीटीच्या वेढ्यांत वीज उमटते. टाँग टेस्टर वापरणाऱ्या कुठल्याही वायरमनला यातली मेख ठाऊक असते: आत तार एकच हवी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही घेतल्या की क्षेत्रं एकमेकांना खोडतात, हाती शून्य. उघडझाप होणाऱ्या सीटीच्या तोंडात धूळ बसून केसाएवढी फट राहिली, तरी मिळकत घटते.

समजा, प्रवाह कमी आहे आणि १० मायक्रोवॅटच येताहेत. संदेश पाठवताना रेडिओ ५ मिलिसेकंद ४५ मिलिवॅट खातो. झोपलेल्या कंट्रोलरचे ३ मायक्रोवॅट वजा केले, तर एका संदेशासाठी ३२ सेकंदांची कमाई लागते. ती कपॅसिटरमध्ये साठवायची. कसब लागतं ते इथे. जागं व्हायचं आणि झोपायचं व्होल्टेज यांत ऐसपैस अंतर ठेवावं लागतं. नाहीतर सेन्सर जेमतेम उठतो, रेडिओ चालू करतो, व्होल्टेज कोसळतं, पुन्हा आडवा. रात्रभर हेच, आणि बाहेर एक अक्षर पडत नाही.

मिशिगन विद्यापीठातल्या डीब्रुइन, कॅम्पबेल आणि दत्ता यांनी २०१३ साली या तुटपुंज्या मिळकतीचंच मीटर केलं. नाव मोंजोलो, ब्राझीलमधल्या पाण्यावरच्या कांडपयंत्रावरून. दांड्याच्या एका टोकाची डोणी भरली की खाली जाते, पाणी सांडतं, दुसऱ्या टोकाचं मुसळ उखळात आदळतं. तसा इथे कपॅसिटर भरला की एक संदेश. प्रवाह वाढला की संदेश भराभर येतात. दोन संदेशांमधल्या वेळावरूनच तारेतला भार कळतो. मोजायला वेगळा भाग नाहीच! याहून देखणी युक्ती या धंद्यात मी पाहिलेली नाही.

अर्थात एखादा संदेश हवेत हरवला की हिशेब चुकतो. म्हणून वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत क्रमांक वाढवत न्यायचा आणि प्रत्येक संदेशाबरोबर तो धाडायचा. प्रवाह फारच कमी झाला तर सेन्सर मुका. पॅनलमधला सैल सांधा तापतोय का एवढंच पाहायचं असेल तर ते चालतं, कारण प्रवाहाशिवाय तो तापणार नाही. बिलाच्या मीटरला मात्र मी हे लावणार नाही.