आमेरची गुजिया

आल्प्समधील जुन्या नगरांवरील एका लेखाचे भाषांतर करताना तेथील वितळलेल्या चीजचे वर्णन मी मोठ्या चवीने केले होते. प्रत्यक्ष पाहिले ते डोंगरातले नगर मात्र अरवलीतील आमेर. सवाई जयसिंहाने १७२७ साली जयपूर वसविले, तोवर कछवाह्यांची राजधानी हीच.

माझा धाकटा भाऊ जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात नोकरीस आहे. वडिलांशी बिनसल्यापासून चार वर्षे तो जळगावास फिरकला नव्हता. त्याला घरी नेण्यास मी गेलो. त्याने मला आमेरास नेले. मानसिंहाने बंगालमधून आणलेल्या शिलादेवीचे दर्शन घेतले. देवीला नैवेद्य गुजियांचा. गुजिया म्हणजे आपल्या करंजीची बहीणच! एक पुडा मी आईसाठी घेतला.

सायंकाळी कामगारांच्या चाळीत गोवऱ्यांच्या विस्तवात बाट्या भाजल्या गेल्या. तवा नको, पोळपाट नको. राख झटकावी, बाटी फोडावी, तुपात बुडवून डाळीशी खावी. आम्हा खानदेशी माणसांची बट्टी आधी उकडलेली, मग कापून तळलेली.

"दादा, डाळ यांची चांगली; पण बट्टी आपलीच," तो म्हणाला. मग थांबून, "बाबा खातात अजून?"

"दात राहिले नाहीत. आई वरणात कुस्करून देते."

तो बराच वेळ विस्तवाकडे पाहत राहिला. रात्री माझ्या पिशवीतला गुजियांचा पुडा काढून त्याने आपल्या ट्रंकेत, घडी केलेल्या कपड्यांवर ठेवला.