ओंडक्याचा भाव

लाकडाचा भाव काय चाललाय, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, माप कोण घेणार आहे? रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेला माझी सॉ मिल आहे. येणारा माल बहुतेक आंबा, फणस, ऐन, किंजळ, मधूनच साग. सगळा खाजगी जागेतला. व्यापारी शेतकऱ्याचं झाड उभं असतानाच उक्तं घेतो, वनखात्याचा परवाना काढतो, तोडतो आणि ओंडके आवारात आणून टाकतो. घनफुटाचा दर फोनवर आधीच ठरलेला असतो. तो दर या गिरणीतून त्या गिरणीत गेलं तरी फारसा बदलत नाही. बदलतं ते माप.

आमच्याकडे अजून जुनाच हिशेब चालतो. ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा करायचा, त्याचा वर्ग करून फुटातल्या लांबीनं गुणायचं आणि 144 नं भागायचं. घेर 60 इंच आणि लांबी 10 फूट असेल तर साडेपंधरा घनफुटांच्या थोडं वर येतं. गोल लाकडाचं खरं आकारमान मोजलं तर ते वीसच्या जवळ जातं. म्हणजे भुसा, सालपटं, पात्याखाली जाणारं लाकूड यांची सोय हिशेबातच केलेली आहे. जवळजवळ पाचवा हिस्सा विकणाऱ्यानं आधीच सोडलेला असतो. त्याच ओंडक्यावर टेप दोन इंच जास्त आवळला, 60 चे 58 धरले, तर आणखी एक घनफूट जातो. ट्रकभर मालात असा एकेक इंच धरत गेलं की व्यापाऱ्याची मजुरी त्यातच संपते. दर चढा सांगून टेप आवळणारे गिरणीवाले मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा मनापासून राग येतो. दर उतरला तर तसं तोंडावर सांगावं, समोरचा वाटल्यास माल घेऊन जाईल. मापात हात घालायचा नाही.

ही चीड केवळ नीतीपोटी नाही, धंद्याचंही त्यात गणित आहे. टेपला घेर कळतो, लांबी कळते. झाड कुठं उभं होतं, कधी पाडलं, किती दिवस ओलीत पडून होतं, हे त्याला कळत नाही. परसातल्या आंब्याला कुणीतरी कधीकाळी कपडे वाळत घालायच्या तारेसाठी खिळा ठोकलेला असतो. साल त्याच्यावरून वाढते, खिळा आत गडप होतो. बँडसॉचं पातं त्याच्यावर आलं की दात उडतात, कधी पातंच तुटतं, आणि ट्रॉलीवर उभ्या माणसाच्या जिवावर बेततं. ज्या व्यापाऱ्याशी माझं जमलेलं आहे तो माल उतरवतानाच खडूनं फुली मारतो आणि सांगतो, "शेट, ह्यो घराजवळचा हाय, बघून कापा." या एका वाक्यासाठी मी त्याला घनफुटामागे वेगळे पैसे देत नाही, देऊही शकत नाही. पण ते वाक्य मला मिळतं ते माझ्या टेपवर त्याचा विश्वास आहे म्हणून.

पोकळीचंही तसंच. जुना फणस, जुना आंबा बुंध्यात पोकळ निघतो. तोंडाशी दिसणारी पोकळी मी व्यापाऱ्यासमोर मोजून वजा करतो. कापताना आत जे निघेल ते माझं नशीब; नंतर फोन करून पैसे कापायचे नाहीत. काहीजणांना हा भोळेपणा वाटतो. मला वाटतं, एकदा तोंडं बघून घेतल्यावर धोका गिरणीनंच उचलायचा असतो.

निष्ठा खरी कळते ती मे महिन्यात. पावसाआधी माल बाहेर काढायची सगळ्यांनाच घाई. साग असेल तर मालक थांबू शकतो, साग पडून राहिला तरी बिघडत नाही. आंब्याला ती सवलत नाही. भिजलेल्या आंब्याला निळे डाग पडतात, भुंगेरे लागतात, आणि पेटीच्या फळीलासुद्धा तो कमी प्रतीचा ठरतो. हे ठाऊक असलेला गिरणीवाला मेअखेरीस दर पाडतो आणि व्यापारी निमूट देतो. पुढे श्रावणात आवार रिकामं, रस्ते चिखलाचे, कामगारांना बसवून पगार. तेव्हा एखाद्यानं डांबरी रस्त्याकडेला ओंडके राखून ठेवलेले असतात. ते कोणाच्या दारात जातात, याचं उत्तर मेमध्ये दिलेल्या दरात असतं.

उचलीबद्दल माझं मत इथल्या बऱ्याच जणांना पटत नाही. दसऱ्याच्या सुमाराला गिरणीवाला व्यापाऱ्याला रोख उचल देतो, त्यातून तो झाडं घेतो आणि माल त्याच गिरणीत टाकतो. मीही देतो, त्याशिवाय तोड सुरूच होत नाही. पण उचल घेतलेला माणूस आपला झाला, असं मी मानत नाही. तो बांधलेला असतो, एवढंच. बांधलेल्या माणसाला पाच टक्के कमी दर लावायचा रिवाज आहे, आणि तो तोटा शेवटी उतरतो शेतकऱ्याच्या उभ्या झाडावर, जो आमच्या बैठकीत कधीच नसतो. मी उचलीवाल्याला आणि रोखीवाल्याला एकच दर देतो.

विदर्भात गोष्ट वेगळी. बल्लारशाहच्या डेपोत सागाचे ओंडके नंबर टाकून, हातोड्याचा ठसा मारून, प्रतवारी लावून रचलेले असतात. लिलावात ज्याची बोली वरची त्याचा माल. तिथं ओळखीला जागा नाही आणि त्याची गरजही नाही, कारण जे कळायला हवं ते यादीत लिहिलेलं असतं. आमच्या खाजगी मालाला अशी यादी कोण करणार? ती व्यापाऱ्याच्या डोक्यात असते.

आणि व्यापाऱ्यापुढे आम्हा गिरणीवाल्यांचं पारडं आधीच जड आहे. डिसेंबर 1996 मध्ये जंगलतोडीसंबंधीच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, त्यानंतर सॉ मिलचे नवे परवाने मिळणं फार अवघड झालं. जंगलासाठी ते गरजेचं होतं, यात मला शंका नाही. पण तालुक्यात मोजक्या गिरण्या उरल्या की माल विकणाऱ्याला जायला दारंही मोजकीच उरतात. अशा वेळी दर ठरवताना गिरणीवाल्यानं स्वतःला आवरलं पाहिजे. बाजारातून ते आवरणं आपोआप येत नाही.

आता व्यापाऱ्यांची मुलं धंद्यात आली आहेत. ती ओंडक्याचे फोटो तीन-चार गिरण्यांना एकदम पाठवतात, जो जास्त दर कळवेल त्याच्याकडे गाडी वळवतात. मला त्यात गैर वाटत नाही. बापांना ही सोय नव्हती. या मुलांची पहिली गाडी माझ्याकडे आली की मी टेपचं एक टोक त्यांच्याच हातात देतो, घेर त्यांना वाचायला लावतो, आणि माल कापायला घेतल्यावर त्यांना सुरक्षित अंतरावर उभं करून आतून काय निघतं ते दाखवतो. पोकळी निघाली तर ते माझ्या तोंडाकडे बघतात. मी ठरलेल्या दरानं पावती फाडतो आणि विचारतो, हे झाड कुठल्या गावचं, कुणाच्या बांधावरचं?